कोपऱ्यावरची फट

पट्टी निघाली तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघा आता, समोर काय दिसतंय ते सांगा." समोर अक्षरांचा तक्ता होता. मी म्हणालो, "तुमच्या भिंतीच्या फरशीत दोन वेगळ्या पेट्यांतला माल लागलाय. खालच्या ओळी पिवळट आहेत." त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे ऑपरेशन छान झालं." मी आयुष्यभर फरश्या बसवल्या. लोक कुणाच्या घरी गेले की आधी माणसांकडे बघतात, मी आधी जमिनीकडे बघतो. पण मोतीबिंदू पिकत गेला तशा सगळ्या जमिनी सारख्या दिसायला लागल्या होत्या आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बायको गेली त्या दिवसांत तर ते बरंच वाटायचं. धुक्यातून माणसं यायची, खांद्यावर हात ठेवायची आणि परत धुक्यात जायची. कुणाचा चेहरा नीट बघावा लागत नव्हता. आता गाडीत लेक शेजारी बसली होती आणि तिच्या कानामागचे पांढरे केस मला एकेक करून दिसत होते. हे कधी झालं, ते मी विचारलं नाही. ती म्हणाली, "काय बघताय?" मी म्हणालो, "तुझ्या आईचा कान आहे तुला." ती म्हणाली, "इतकी वर्षं कुणाचा होता मग?"

घरी आल्यावर मी खोल्याखोल्यांतून हिंडलो. स्वयंपाकघरातली फरशी मीच बसवलेली, आम्ही हे घर घेतलं तेव्हा. पांढरी, कडेला राखाडी झाक. मधल्या काळात ती मला दुधाळ दिसत होती, आता परत पांढरी झाली. ओट्यासमोर जिथं बायको उभी राहायची तिथली झिलई गेली आहे, दोन पावलांएवढी. ते मी उगाच जास्त वेळ बघितलं नाही. मग कपाटावरचा फोटो बघितला. तो आमच्या पहिल्या कोपऱ्याचा फोटो. लग्नानंतरचा. कॅमेरा मोटरसायकलच्या सीटवर ठेवून, त्याची कळ दाबून मी धावत जाऊन उभा राहिलो होतो, त्यामुळे मी हललेला आलो आहे आणि ती स्वच्छ आली आहे. आमच्या दोघांच्या मध्ये कमरेएवढा तिकोनी दगड, त्यावर आमचे हात एकमेकांत. तिसऱ्या बाजूला गवतात थर्मास. आणि तिच्या मागे, कुंपणाच्या झुडपात, बगळा. आमच्या घरात त्या फोटोचं नावच बगळ्याचा फोटो. लेक लहानपणी विचारायची, बगळ्याला पाय का नाहीत, आणि तिची आई सांगायची, तो बसलाय. मी नवीन डोळ्यांनी बगळ्याकडे बघितलं. बगळ्याला कोपरा होता. एक नाही, दोन. वरची कड सरळ होती आणि त्या कडेची सावलीही सरळ होती. निसर्गात सरळ कड नसते. सरळ कड दिसली की तिथं माणसाचा हात लागलेला असतो, एवढं मला कळतं. झुडपात पांढऱ्या डोक्याचा, घडवलेला, रोवलेला दगड होता. मी खुर्चीवर बसलो. एका जागेवर दोन हद्दीचे दगड नसतात. त्यातला एक खोटा असतो.

कोपरा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. बायको नकाशाच्या कचेरीत ट्रेसर होती. जुन्या विटलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं सगळ्या रेघा नव्यानं ओढायच्या, हे तिचं काम. जिल्ह्याची हद्द तुटक रेघेनं दाखवतात, एक लांब तुकडा, मग ठिपके, परत लांब तुकडा. आणि जिथं तीन जिल्ह्यांच्या हद्दी एका ठिकाणी येतात तिथं लांब तुकडेच एकमेकांना टेकले पाहिजेत, ठिपका तिथं येता कामा नये, रिकामी जागा तर नाहीच. तसा त्यांच्या कामाचा रिवाज होता. कोपऱ्यावर फट ठेवायची नाही, असं ती म्हणायची. अशी किती तरी टोकं तिनं कागदावर जुळवली होती आणि एकही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. लग्न झाल्यावर पहिल्याच सुट्टीत मी विचारलं, कुठं जायचं? मला वाटलं समुद्र म्हणेल. ती म्हणाली, "मी एक कोपरा जुळवलाय, तो जागेवर कसा दिसतो ते बघायचंय." मी मनात म्हणालो, ही बाई आपल्यासारखीच आहे. मीसुद्धा माझ्या फरश्या लोक राहायला आल्यावर बघायला जायचो, काही तरी विसरल्याचं निमित्त करून.

त्या पहिल्या कोपऱ्यात एक जिल्हा माझा होता, जिथं मी जन्मलो. दुसरा तिचा. तिसरा हा, या शहराचा, जिथं आम्ही संसार मांडला. तिनं मुद्दाम तोच निवडला होता. तिथं जाऊन तिनं हुकूम सोडले, "मिस्त्री, तुम्ही तुमच्या जिल्ह्यात उभे राहा. मी माझ्या." मी म्हणालो, "आणि तिसऱ्यात?" ती म्हणाली, "तो रिकामा नको दिसायला," आणि थर्मास नेऊन ठेवला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. नंतर कितीक कोपरे केले. टेकडीच्या माथ्यावरचे, धरणाच्या पाण्यातले, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यात होता, तिथं मालक हसून हसून खाली बसला होता. दर ठिकाणी मी एकात, ती एकात आणि तिसऱ्यात थर्मास. लेक झाली आणि उभी राहायला लागली तशी तिला थर्मासची जागा मिळाली. चौदा वर्षांची झाली तेव्हा तिनं जाहीर केलं की आता ती येणार नाही. "माझ्या मैत्रिणी सुट्टीत कुठं कुठं जातात आणि मी शेतात एका पायावर उभी राहते. मी काय थर्मास आहे?" तिची आई म्हणाली, "नको येऊस. थर्मास निदान तोंड तरी बंद ठेवतो." आणि थर्मास परत आपल्या जागी आला. शेजारी विचारायचे, सुट्टीत कुठं गेला होतात, तर ही सांगायची, कोपऱ्यावर. त्यांना वाटायचं वाण्याकडे.

आमचं भांडण एकच होतं आणि ते आयुष्यभर पुरलं. ती म्हणायची कोपऱ्यावर फट ठेवायची नाही. मी म्हणायचो, फट ठेवावीच लागते. दोन फरश्यांमध्ये बोटाच्या नखाएवढी जागा सोडली नाही तर उन्हाळ्यात फरशी फुगते, शेजारणीला ढकलते आणि एक दिवस भर दुपारी खोलीच्या मधोमध फटाका फुटल्यासारखी वर येते. चार कोपरे जिथं भेटतात तिथं तर जास्तच जपावं लागतं. जवळ यायचं, चिकटायचं नाही. ती म्हणायची, "माझे जिल्हे फुगत नाहीत हो." मी म्हणायचो, "तुझे जिल्हे कागदावर आहेत. जमिनीवर ठेव मग कळेल." ती म्हणायची, "तुम्ही आपले गवंडी ते गवंडीच." मी म्हणायचो, "गवंडी नाही, फरशीवाला." पावसाळा असो, उन्हाळा असो, जेवताना, कपडे वाळत घालताना, लेकीच्या लग्नाच्या गडबडीतसुद्धा हे भांडण कुठूनही निघायचं. आणि कुणी जिंकत नव्हतं.

तिला 'जवळपास' हा शब्द चालायचा नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी परिचारिका विचारायची, आजी, कुठं दुखतंय? बाकीचे पेशंट पोटावरून हात फिरवायचे. ही नखाची कड टेकवायची आणि म्हणायची, "इथं. याच्या डावीकडे नाही." आणि चूक कळली की ती ठेवायची नाही. कचेरीत चुकीची रेघ ब्लेडनं खरवडायचे, खरवडलेली जागा नखानं घोटून गुळगुळीत करायचे आणि मग परत रेघ ओढायचे. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख त्या घोटण्यानं कायमचं चपटं झालं होतं. कॉम्प्युटर आले, ट्रेसर गेले, पण नख तसंच राहिलं. शेवटपर्यंत. मी ते हातात धरून बसायचो.

ती गेल्यावर मी एकच गोष्ट ठरवली होती. स्वयंपाकघराच्या कामातून एक फरशी उरली होती, तिनंच माळ्यावर जपून ठेवलेली, कधी फुटली तर असावी म्हणून. घरात कधीच काही फुटलं नाही. ती फरशी मी त्या पहिल्या कोपऱ्यावर, दगडाच्या पायाशी, ती उभी होती त्या बाजूला बसवणार होतो. नाव नाही, तारीख नाही, नुसती फरशी. आणि ती लवकर बसवायला हवी होती, कारण मी हे घर सोडून लेकीकडे राहायला जाणार होतो, तिच्या शहरात, आणि तिथून परत परत येणं या वयात व्हायचं नाही. फरशी एकच होती. आणि फरशी एकदा बसली की बसली. उचलायला गेलं तर फुटते. मोतीबिंदूतसुद्धा मला त्या जागेबद्दल शंका नव्हती, डोळे झाकून पोचलो असतो. आता डोळे उघडले आणि झुडपात बगळ्याच्या जागी दगड निघाला.

लेकीला फोटो दाखवला. तिनं चष्मा वर केला, खाली केला. "दगडच आहे," ती म्हणाली. "अरे देवा, माझा बगळा." मग म्हणाली, "बाबा, पण काय फरक पडतो? तुम्ही दोघं जिथं उभे होतात ती जागा तुमची. तिथंच बसवा की."

"तुझ्या आईला चाललं असतं?"

"नाही," ती म्हणाली. "आईनं खरवडून परत करायला लावलं असतं. माझं भूगोलाचं पुस्तक आठवतंय? छापलेला नकाशा ब्लेडनं खरवडला होता तिनं. बाई मला ओरडल्या."

"मग?"

"मग काय. गाडी काढते उद्या. पण मी उभीबिभी राहणार नाही, आधीच सांगते."

संध्याकाळभर मी त्या फोटोसमोर बसलो होतो, पण घाबरलेला नव्हतो, हे मला सांगायला पाहिजे. मला वाईट वाटत होतं, राग येत होता, तो कुणावर ते कळत नव्हतं, पण काम काय आहे ते कळत होतं. दोन दगडांतला खरा कुठला ते शोधायचं आणि फरशी बसवायची. काम कळलं की मला भीती वाटत नाही. आणि बसल्या बसल्या मला एक आठवलं. त्या पहिल्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसून ती माझ्या कानात ओरडून सांगत होती, वाऱ्यात अर्धं ऐकू येत होतं, की जुन्या नकाशावर त्या ठिकाणी घडी पडून कागद झिजला होता, तिन्ही रेघा एकमेकींपर्यंत पोचतच नव्हत्या, मध्ये मोकळी जागा होती आणि तिनं ती भरली. "इतकी छान जुळवली, की साहेबांना कळलंसुद्धा नाही!" किती खूष होती. मी तेव्हा म्हणालो होतो, शाब्बास. आता मी खुर्चीत सरळ बसलो. फट होती. तिनं रेघा थोड्या थोड्या पुढं ओढल्या आणि टेकवल्या. फरशीवाल्याला हे सांगायला लागत नाही. तीन फरश्यांमधली फट एका बाजूनं सरकवून बुजवली, की मधला बिंदू सरकतो. कागदावर केसाएवढा. जमिनीवर किती? एका टाकाच्या रेघेखाली अख्खा रस्ता जातो असं तीच सांगायची. म्हणजे आम्ही तिच्या नकाशावर, तिच्या बिंदूवर, बरोबर जाऊन पोचलो होतो. तिथं योगायोगानं एक तिकोनी दगड भेटला. दगड भेटल्यावर कोण आणखी शोधतं? मला हसू आलं. अशी चूक ट्रेसरच करू शकतो, दुसऱ्या कुणाची छाती नाही. मग मला वाटलं, हे तिला सांगावं, आणि मी स्वयंपाकघराकडे तोंड वळवलंसुद्धा.

सकाळी निघालो. मागच्या सीटवर फरशी जुन्या चादरीत गुंडाळलेली, करणी, थोडा सिमेंट-वाळूचा माल, पाण्याचा डबा आणि थर्मास. थर्मास मी घेतला नव्हता, लेकीनं भरून ठेवला होता. शहर संपता संपेना. एकेकाळी जिथं मोकळं रान होतं तिथं आता टायरची दुकानं, गोदामं, मग परत मोकळं. लेक गाडी चालवताना आईसारखी बोलते, म्हणजे समोरच्या गाड्यांशी. मी खिडकीतून बघत होतो. नवीन डोळ्यांनी सगळं जरा जास्तच दिसत होतं, पानं सुटी सुटी, माणसांच्या शर्टांच्या गुंड्या. असं वाटत होतं की ती गेली तेव्हाचं सगळं धुकं मी फुकट वाया घालवलं, तेव्हाच नीट बघायला हवं होतं, आणि लगेच वाटत होतं की बरं झालं. जिल्ह्याच्या पाटीपाशी लेक म्हणाली, "हे आईचं माहेर लागलं." ती पाटी नवी होती. मी म्हणालो, "पाटीवर विश्वास ठेवू नकोस. पाटी रस्त्याच्या सोयीनं लावतात." ती म्हणाली, "आता तुम्ही आईसारखं बोलायला लागलात."

जागा मला लगेच सापडली. कालवा होता, त्यावरचा लहान पूल होता, पुलापलीकडे डाव्या हाताला तिकोनी दगड. गवत तेवढं वाढलेलं. मी दगडावर हात ठेवला. ऊन लागून तो गरम झाला होता, आणि हाताला तो ओळखीचा लागला, तिचा हात त्यावर नसूनसुद्धा. लेक लांब उभी राहून दुसरीकडे बघत होती. त्या एका मिनिटात मला वाटलं की पुरे, इथंच बसवू. कोण बघायला येणार आहे? आम्ही इथं उभे होतो, तरुण होतो, तिच्या तळहाताला घाम आला होता, हे सगळं इथं झालं, त्या झुडपात नाही झालं. मी चादरसुद्धा सोडली. फरशी गवतावर ठेवली. पांढरी, कडेला राखाडी झाक. आणि मग मला तिचं नख आठवलं. इथं. याच्या डावीकडे नाही. मी फरशी परत गुंडाळली आणि कुंपणाकडे चालायला लागलो.

कुंपणाच्या आत आता रोपवाटिका होती. काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीनं, वर हिरवं जाळीचं कापड. एक बाई वाकून पाणी घालत होती, साडेपाच फुटांची, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ती म्हणाली, "रोपं घ्यायची तर पलीकडून या, इथून चिखल आहे."

मी म्हणालो, "रोपं नकोत. तुमच्यात एक दगड आहे, पांढऱ्या डोक्याचा."

तिनं नळी खाली टाकली. "मोजणीवाले का?"

"नाही. फरशीवाला."

ती लेकीकडे बघायला लागली, म्हातारं ठिकाणावर आहे ना अशा नजरेनं. लेक म्हणाली, "ठिकाणावर आहेत. तुम्ही दगड दाखवा, मग ते चहा देतात."

"हा काय, आहे की," रोपवाली म्हणाली आणि वाळत घातलेली ओली पोती तिनं एका दगडावरून उचलली. "तीन जिल्ह्यांचा दगड आहे हा. माझी सगळी तऱ्हाच आहे बघा. वीज एका जिल्ह्याची, पाणी दुसऱ्याचं, आणि तिसरा मला ओळखच दाखवत नाही. चोर आला तर तीन चौक्या एकमेकींकडे बोट दाखवतात."

"मग तो कालव्याजवळचा?" मी विचारलं. माझा आवाज मला जरा मोठा वाटला.

"तो कालव्याचाच. तिथून पाण्याच्या तीन वाटा फुटायच्या पूर्वी, म्हणून तीन बाजू. त्याचा जिल्ह्याशी काही संबंध नाही. त्याला बघून पुष्कळ जण फसतात." मग तिनं हातानं जमीन दाखवली, कालव्यापासून आमच्या पायांपर्यंत. "हे सगळं अलीकडचं एकाच जिल्ह्यात. हद्द इथं, या दगडाला."

"कुठल्या जिल्ह्यात?" लेकीनं विचारलं, आणि रोपवालीनं नाव सांगितलं. तो लेकीच्या आईचा जिल्हा होता.

मला कळायला थोडा वेळ लागला. मी वळून कालव्याकडे बघितलं. तिथं तिकोनी दगडाच्या एका बाजूला ती उभी होती, एका बाजूला मी, छाती काढून, माझ्या जिल्ह्यात म्हणून, माझ्या जन्माच्या जमिनीवर पाय रोवून, आणि एका बाजूला थर्मास. आणि तिघंही तिच्या माहेरी. लेकीला ते माझ्या आधी समजलं होतं, कारण ती कंबरेवर हात ठेवून हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "बाबा," ती म्हणाली, "तुम्ही घरजावई होतात! पहिल्या दिवसापासून!" रोपवालीला काही कळलं नाही तरी तीही हसली. मी म्हणालो, "हसा. हसून घ्या." पण मला तो दुसरा आवाज ऐकू येत होता, जो हे ऐकून महिनाभर थांबला नसता, जेवताना, कपडे वाळत घालताना, वाण्याकडे, सगळ्यांसमोर. घरजावई, मीठ द्या जरा. घरजावई, फोन वाजतोय. मला तो आवाज इतका स्वच्छ ऐकू आला की मी दगडाला धरलं.

तेव्हा दगडाचं डोकं माझ्या हाताखाली आलं. त्यावर चुना होता, थरावर थर. मी करणीच्या टोकानं चुना खरवडला, हळूहळू, कडेकडेनं आत. खाली तीन खाचा निघाल्या, तीन दिशांकडून आलेल्या, सरळ, चांगल्या हाताच्या. आणि मधोमध एक गोल भोक, बोट जाईल एवढं, ओळंबा धरायला पाडलेलं असणार. तिन्ही खाचा त्या भोकाकडे येत होत्या आणि भोकाच्या थोडं अलीकडे थांबत होत्या. एकही टेकत नव्हती. मी चुना फुंकला आणि परत बघितलं, नवीन डोळ्यांनी, वाकून. ज्यानं दगड घडवला तो हुशार होता. खाच भोकापर्यंत नेली असती तर कड तुटली असती, पाणी मुरलं असतं, दगड दोन पावसाळ्यांत फुटला असता. म्हणून त्यानं जागा सोडली होती. कोपऱ्यावर फट होती. जमिनीवर, दगडात, तीन जिल्ह्यांच्या बरोबर मधोमध, फट होती.

मी जिंकलो होतो. आयुष्यभराचं भांडण मी तिथं वाकून उभा असताना जिंकलो, पुराव्यानिशी. मी तोंड उघडलं. मी काय म्हणणार होतो ते मला माहीत आहे. मी म्हणणार होतो, बघ. आणि बघायला लेक होती, रबरी बूट घातलेली बाई होती, पाण्याची नळी होती, आणि रोपांच्या ओळी होत्या. जिंकायला दोन माणसं लागतात. हे मला त्या क्षणी कळलं, दवाखान्यात नाही, ती गेली त्या सकाळी नाही, रिकाम्या घरात नाही. मी चिखलात गुडघे टेकले. लेकीला वाटलं मी कामाला बसलो. मीही मग कामालाच बसलो.

रोपवालीला मी विचारलं, दगडाच्या पायाशी, या बाजूला, एक फरशी बसवली तर चालेल का? तिनं कुणासाठी ते विचारलं. मी सांगितलं, ज्या बाईनं हा दगड कागदावर थोडा सरकवला तिच्यासाठी. ती म्हणाली, "बसवा. मी त्यावर पोती नाही टाकणार." जमीन खोदली, ठोकली, माल कालवला. लेक पाणी घालत होती, जास्त घालत होती, मी तिला सांगत होतो. फरशी माझ्या हातात आली तेव्हा तिच्या पाठीवर बायकोनं पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, 'स्वयंपाकघर'. बस्स, एवढंच, म्हणजे कुठली ते विसरू नये म्हणून. मी ते खाली घालून फरशी मालावर ठेवली. करणीच्या दांड्यानं ठोकली, चारी कोपरे, मग मध्ये. आवाज भरीव आला. पाणसळ ठेवून बघितली, सपाट बसली होती. तिच्या बाजूला, तिच्या जिल्ह्यात, खऱ्या दगडाला लागून. पण चिकटून नाही. दगड आणि फरशी यांच्यामध्ये मी नखाएवढी जागा ठेवली, आणि तिच्यात बारीक वाळू भरली. एक डाव तिचा, एक माझा. बरोबरी झाली.

चहा घेतला. झाकण एकच होतं, ते रोपवालीला दिलं, मी आणि लेकीनं थर्मासलाच तोंड लावलं. मग मी लेकीचा फोन रोपवालीच्या हातात दिला आणि म्हणालो, एक फोटो काढा, त्या तिकडून, रोपांच्या बाजूनं. ती मागे गेली. "कसे उभे राहता?" तिनं विचारलं. मी लेकीकडे बघितलं नाही, कारण तिनं आधीच सांगितलेलं होतं. पण ती आपणहून गेली आणि तिसऱ्या जिल्ह्यात उभी राहिली, चिखलात, सरळ, हात बाजूला, लहानपणी राहायची तशी. मी थर्मास उचलला, दगडाला वळसा घालून माझ्या जिल्ह्यात गेलो, तो तिथं ठेवला, आणि परत फिरलो.

"बाबा," लेक म्हणाली, "तुमचा जिल्हा तो. थर्मास ठेवलात तो."

"माहीत आहे," मी म्हणालो, आणि फरशीच्या शेजारी, तिच्या जिल्ह्यात, माझ्या सासुरवाडीत जाऊन उभा राहिलो. मालावर पाय पडणार नाही असा बेतानं.

"हलू नका," रोपवाली म्हणाली. "तुमच्या मागे लांब काय आहे ते पांढरं? बगळा आहे का?"

मी वळून बघितलं नाही. कालव्याजवळचा दगड होता तो. "बसलाय," मी म्हणालो. "काढा तुम्ही."